युक्तिवादाचे घटक : हंटर आयोगापुढील फुले यांच्या निवेदनाच्या आधारे

‘चिकित्सक विचार’ हे शब्द अभ्यासक्रमांच्या उद्दिष्टांत सर्रास आढळतात. परंतु युक्तिवाद कोणत्या घटकांनी बनतो याची चर्चा तर्कशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच होते. प्रस्तुत लेखात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनाच्या आधारे या घटकांचा विचार केला आहे.

ज्या विधानाचे समर्थन केले जाते तो निष्कर्ष आणि ज्यांच्या बळावर केले जाते ती आधारविधाने होत. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘सबब’ या शब्दांवरून ती ओळखता येतात. (‘ज्याअर्थी... त्याअर्थी’ ही जोडी आता मुख्यतः सरकारी आदेशांतच उरली आहे.)

फुले यांची आधारविधाने दोन : सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो. निष्कर्ष असा, की सरकारने बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे अधिक लक्ष द्यावे. येथे दोन वस्तुस्थितिदर्शक विधानांवरून ‘द्यावे’ असे कर्तव्य निष्पन्न होत नाही. त्यासाठी, ज्यांच्या श्रमातून महसूल येतो त्यांचा त्यावर न्याय्य हक्क आहे, हे मूल्यविषयक तिसरे आधारविधान लागते. सदर व्यवस्थेला अन्याय्य म्हणताना फुले तेच सूचित करतात.

अशा अध्याहृत विधानांतच युक्तिवादाचे बल किंवा दौर्बल्य बहुधा दडलेले असते. झिरपणीच्या सिद्धान्ताचे उदाहरण पाहावे. वरिष्ठ वर्गाला शिक्षण दिले की ते खालपर्यंत पोहोचेल, हा तो युक्तिवाद. ‘शिकलेला वर्ग आपले ज्ञान इतरांना देतो’ हे त्यातील अध्याहृत विधान मान्य केल्यास तो आकारतः वैध ठरतो. फुले यांनी आकारावर आक्षेप घेतला नाही. या वर्गाने आपल्या अशिक्षित देशबांधवांसाठी घरी वा अन्यत्र कोठे वर्ग चालवले, असे विचारून त्यांनी नेमके हेच विधान कसोटीला लावले. वैधता आणि सत्यता यांतील भेद याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. उत्तरपत्रिकेत वा शोधनिबंधावर नुसता ‘पटत नाही’ असा शेरा मारणाऱ्या परीक्षकाने आपला आक्षेप या दोहोंपैकी कशावर आहे हे सांगितले पाहिजे.

न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्य येथे उपयुक्त ठरते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन यांपैकी उदाहरण हा अवयव व्याप्ती उघडपणे मांडण्यास भाग पाडतो : जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. ॲरिस्टॉटलच्या त्रिपदी संविधानात दृष्टान्ताची अशी सक्ती नाही. झिरपणीच्या समर्थकांना याच टप्प्यावर दृष्टान्त दाखवावा लागला असता.

एका युक्तिवादाचा निष्कर्ष पुढील युक्तिवादाचे आधारविधानही होतो. प्राथमिक शिक्षण अग्रक्रमाचे ठरल्यावर फुले किमान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचे करण्याची मागणी करतात. दारिद्र्यामुळे रयतेची मुले गुरे राखण्यात आणि शेतकामात गुंतलेली असतात, हे स्वतंत्र आधारविधान ते पुढे जोडतात आणि त्यावरून शिष्यवृत्त्या व बक्षिसे देण्याची शिफारस करतात.