उसन्या आवाजाचा फौजदार

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला तेलुगू बोलता आलं नाही तरी ती भाषा कानाची असते. यंत्रमागाच्या खडखडाटात, विड्या वळणाऱ्या बायकांच्या गप्पांत, लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावर ती दिवसभर असायची. आमच्या गल्लीत मराठी घरं मोजून चार, बाकी सगळे तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर. शेजारच्या अक्कांचा थोरला मुलगा मला तेलुगू सिनेमाला न्यायचा आणि शेजारी बसून कानात अर्थ सांगायचा. 'अंकुशम'ला मात्र त्याने अर्ध्यातच हे काम सोडलं. पडद्यावरचा इन्स्पेक्टर तोंड उघडायचा आणि हा शिट्टी मारायचा. "काय म्हणाला?" असं विचारलं की खेकसायचा, "गप ऐक ना!"

मी ऐकलं. शब्द कळले नाहीत, आवाज कळला. घशातून नाही, बेंबीच्या देठातून निघालेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी दार आपटल्यासारखा. पुढे बऱ्याच वर्षांनी समजलं की तो आवाज त्या नटाचा नव्हताच.

'अंकुशम' 1989 सालचा. दिग्दर्शक कोडी रामकृष्ण, निर्माते एम. श्यामप्रसाद रेड्डी, नायक डॉ. राजशेखर. नावामागचं 'डॉक्टर' खरं आहे, गृहस्थ वैद्यकीय पदवीधर. ते मूळचे तमिळनाडूचे. त्यामुळे पडद्यावर डोळे त्यांचे, जबडा त्यांचा, खाकीतली ताठ मान त्यांची आणि आवाज साईकुमार यांचा. दक्षिणेत ही सोय जुनी आहे. चित्रीकरण उरकायचं, मग डबिंग थिएटरात दुसऱ्या कोणी पडद्यावरच्या ओठांकडे बघत वाक्यं म्हणायची. अशा वेळी दुसऱ्याचा आवाज सहसा लपवला जातो. इथे तोच वर आला. राजशेखर रागाने बघायचे आणि तो राग कानात ओतायचे साईकुमार. एका पोलिसाचं काम दोन माणसांनी वाटून घेतलं होतं.

गोष्ट साधी होती. विजय नावाचा सचोटीचा इन्स्पेक्टर, नीलकंठम नावाचा गुंड, गुंडाला पाठीशी घालणारे राजकारणी आणि त्यांना नकोसा झालेला एक भला मुख्यमंत्री. विजय नीलकंठमला उघड्या अंगाने हैदराबादच्या रस्त्यांवरून फरफटत नेतो, तो प्रसंग तेलुगू प्रेक्षक आजही काल पाहिल्यासारखा सांगतात. लोकांच्या मनातली गुंडाची भीती काढायची तर कोठडी पुरत नाही, गुंडाची लाज चारचौघांत काढावी लागते, हा त्यातला हिशेब. कायद्याच्या पुस्तकात हे बसत नाही. थिएटरात कोणी पुस्तक घेऊन जात नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

नीलकंठम झालेला रामी रेड्डी हा मूळचा पत्रकार. पडद्यावर एखाद्याला संपवायचं ठरवलं की तो 'स्पॉट' लावण्याची भाषा करायचा. तो इंग्रजी शब्द आंध्रच्या नाक्यानाक्यावर असा रुजला की पुढच्याच वर्षी 'प्रतिबंध' या नावाने हिंदी अवतार आला तेव्हा पात्राचं नावच 'स्पॉट नाना' झालं. रामी रेड्डी तोच, नायक मात्र चिरंजीवी. त्यांचा तो पहिला हिंदी चित्रपट. हैदराबादच्या गुंडाला मुंबईत आणताना 'नाना' हे बिरुद लावावंसं वाटलं यात आपल्याबद्दलही थोडं काही आहे, पण तो विषय इथे नको.

'अंकुशम'मधला मुख्यमंत्री रंगवला तो निर्मात्याच्या वडिलांनी, 'मल्लेमाला' या नावाने कविता लिहिणाऱ्या एम. एस. रेड्डींनी. आणि निर्मात्याचे सासरे कोटला विजयभास्कर रेड्डी हे आंध्रचे खरेखुरे मुख्यमंत्री राहिलेले. वडील पडद्यावरचे मुख्यमंत्री, सासरे प्रत्यक्षातले! तेलुगू मुलखात सिनेमा आणि सत्ता यांच्या मधली भिंत ही अशी कुडाची. 1981च्या ऑक्टोबरात एन. टी. रामाराव 'कोंडवीटी सिंहम'मध्ये पोलीस अधीक्षकाच्या वर्दीत दिसले. मार्च 1982मध्ये त्यांनी तेलुगू देशम पक्ष काढला आणि जानेवारी 1983मध्ये ते मुख्यमंत्री झाले. खाकीपासून खुर्चीपर्यंत सव्वा वर्ष. लोकांनी मत दिलं ते माणसाला की पडद्यावरच्या अधीक्षकाला, हे रामारावांनाही वेगळं करून सांगता आलं नसतं.

रामारावांनी त्याआधी 1974मध्ये 'निप्पुलांटी मनिषी' केला होता. तो आपल्या 'जंजीर'चा तेलुगू अवतार. म्हणजे चिडलेला पोलीस आधी मुंबईहून हैदराबादला गेला आणि मग तिकडून परत येत राहिला. 1990चा 'कर्तव्यम्' घ्या. किरण बेदींवरून सुचलेली वैजयंती ही अधिकारी विजयशांती यांनी अशी उभी केली की त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मारधाडीच्या चित्रपटासाठी हा पुरस्कार मिळणं किती दुर्मीळ, हे वेगळं सांगायला नको. त्याचाच हिंदी 'तेजस्विनी' 1994मध्ये आला, तोही विजयशांतींनाच घेऊन, आणि दिग्दर्शक होते 'अंकुश' आणि 'तेजाब'वाले आपले एन. चंद्रा. 2006मध्ये दोन महिन्यांच्या आत 'पोकिरी' आणि 'विक्रमार्कुडु' लागले. पहिल्याचा सलमान खानचा 'वाँटेड' झाला, दुसऱ्याचा अक्षय कुमारचा 'रावडी राठोड'. 2010च्या 'दबंग'वरून तेलुगूत 'गब्बर सिंग' झाला. ही ये-जा इतकी दाट आहे की मूळ कोणाचं हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. वाटेत काय बदललं, हे विचारण्यात आहे.

'पोकिरी'त नायक दीड-दोन तास भाडोत्री गुंड म्हणून वावरतो आणि अखेरीस कळतं की हा तर पोलीस. पुरी जगन्नाथ यांची ही युक्ती हुशारीची खरीच, पण मला ती अस्वस्थ करते. प्रेक्षक ज्या हाणामारीला गुंडाची म्हणून टाळी देत होता, तीच आता सरकारी ठरते. हात तेच, गोळ्या त्याच, फक्त ओळखपत्र बदललं. यातले पोलीस आयुक्त म्हणजे सातारा जिल्ह्यातले सयाजी शिंदे. 'शूल'मधला बच्चू यादव रंगवून ते दक्षिणेत गेले आणि तिकडचेच झाले. दक्षिणेत बाहेरून आलेल्या नटाला सहसा दुसऱ्याचा आवाज चिकटवतात. शिंदे मात्र अनेक तेलुगू चित्रपटांत स्वतःच्याच आवाजात, स्वतःच्याच हेलात बोलले आणि तेलुगू प्रेक्षकाने तो हेल आवडीने घेतला. 'वाँटेड'मध्ये लाचखोर इन्स्पेक्टर तळपदे झाले महेश मांजरेकर. नायक कुठलाही असो, ठाण्यात एखादा मराठी माणूस सापडतोच.

आवाजावर परत येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. साईकुमार यांनी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या ओठांत आग भरली आणि 1996मध्ये कन्नडमध्ये 'पोलीस स्टोरी' केला. नायक अग्नी, आयपीएस. दिग्दर्शक थ्रिलर मंजू हे मारामाऱ्या बसवणारे. या वेळी आवाजही स्वतःचा आणि चेहराही स्वतःचा. चित्रपट तुफान चालला आणि डबिंगच्या काचेआडचा माणूस कर्नाटकात नायक झाला. त्यांचे धाकटे भाऊ रविशंकर यांनी उलट टोक धरलं. ते झाले खलनायकांचा आवाज. कोडी रामकृष्ण आणि श्यामप्रसाद रेड्डी याच जोडीने 2009मध्ये 'अरुंधती' काढला, तेव्हा सोनू सूदच्या अघोरी पशुपतीला आवाज दिला तो रविशंकर यांनी. थोरल्याच्या गळ्यातून कायदा बोलायचा, धाकट्याच्या गळ्यातून काळ. एकाच घरात! वडील पी. जे. शर्मा हेही याच धंद्यातले.

आपल्याकडे, म्हणजे हिंदी डबिंगमध्ये, हीच परंपरा मराठी गळ्यांनी चालवली आहे. दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या हिंदीतल्या दक्षिणी चित्रपटांतल्या कितीतरी नायकांचा आवाज संकेत म्हात्रे यांचा आहे. 2021च्या 'पुष्पा'चा हिंदी आवाज श्रेयस तळपदे यांचा, हे तर आता पोराटोरांनाही ठाऊक आहे.

मराठी माणसाकडे पोलीस-सिनेमा मोजायची एक पट्टी आहे, ती म्हणजे 'अर्धसत्य'. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, 1983. तिथला अनंत वेलणकर हाही गुंडाशीच भिडतो, पण त्याचा राग आधी त्याला स्वतःलाच कुरतडतो. तो कोठडीत माणूस मारतो, स्वतःला वाचवायला त्याच गुंडापुढे जाऊन उभा राहतो आणि शेवटी रामा शेट्टीला संपवून स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात हजर होतो. तेलुगू फौजदाराला ही कुरतड माहीत नाही. त्याला शंका येत नाही. आणि दिवसभर मागावर उभं राहून आलेल्या माणसाने तिकीट काढून शंका का विकत घ्यावी, हेही मी पूर्व भागात राहून शिकलोय. 'अर्धसत्य' मोठा चित्रपट आहे, यात वाद नाही. पण 'अंकुशम' बघणारा माणूस भोळा होता, असं म्हणणाऱ्याशी माझा वाद आहे. ठाण्याच्या पायरीवर ताटकळत बसलेल्यालाच न ताटकळवणारा फौजदार हवासा वाटतो.

तरी एक नमुना नीट बघण्यासारखा आहे. 2015चा 'टेंपर', दिग्दर्शक पुन्हा पुरी जगन्नाथ, नायक ज्युनियर एनटीआर. दया हा विशाखापट्टणमचा पैसेखाऊ अधिकारी एका मुलीवरच्या अत्याचाराने हलतो. पुरावा उरलेला नाही. मग तो कोर्टात उभा राहून सांगतो की या गुन्ह्यात मीही होतो. आरोपींना फास लागावा म्हणून स्वतःची मान पुढे करतो. साक्ष खोटी, पण किंमत तो स्वतः मोजायला तयार आहे. याचा तमिळ अवतार 'अयोग्य', 2019चा. त्यात ही किंमत खरोखर वसूल होते, नायक फासावर जातो. आणि हिंदी 'सिम्बा', डिसेंबर 2018. रोहित शेट्टींनी गोष्ट गोव्यात आणली, नायकाला संग्राम भालेराव केलं, त्याच्या तोंडी मराठी घातली, आशुतोष राणांना हवालदार मोहिले केलं, खलनायकाचं आडनाव रानडे. सगळं आपलंसं. शेवट मात्र असा, की आरोपींना पोलीस ठाण्यातच गोळ्या घातल्या जातात, स्वसंरक्षणाचा देखावा रचला जातो आणि चौकशीला येतो तो शेट्टींच्याच आधीच्या चित्रपटांतला पोलीस नायक सिंघम. म्हणजे चौकशी झालीच म्हणायची. तेलुगू आणि तमिळ नायक कायद्याशी खोटं बोलून स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले. मराठी आडनावाचा नायक खोटं बोलून सुटला आणि वर नाचला. भडकपणाचा ठपका आपण नेहमी तेलुगूवर ठेवतो. इथे तो उलटा ठेवायला हवा.

'सिम्बा'ला वर्ष व्हायच्या आत, 27 नोव्हेंबर 2019च्या रात्री हैदराबादजवळ शमशाबादला एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. 6 डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी शादनगरजवळ चटनपल्लीला पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आंध्रचे तेव्हाचे मुख्यमंत्री जगनमोहन रेड्डी विधानसभेत जे बोलले त्याचा आशय असा, की सिनेमात नायकाने एन्काउंटर केला तर आपण टाळ्या वाजवतो, मग प्रत्यक्षात कोणी धाडस केलं की दिल्लीहून मानवाधिकारवाले का येतात? पडद्यावरच्या टाळीला विधानसभेत असं दाखल्यासारखं वापरलं गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, मूळचे चंद्रपूरचे, नागपुरात वकिली केलेले. सोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती रेखा सोंडूर-बलदोटा आणि सीबीआयचे माजी संचालक डी. आर. कार्तिकेयन. मे 2022मध्ये अहवाल जाहीर झाला. आरोपींनी पिस्तुलं हिसकावली हे पोलिसांचं म्हणणं आयोगाला पटलं नाही. ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, असा निष्कर्ष निघाला. चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असंही आयोगाने नोंदवलं आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारस केली. त्या कागदांसाठी कोणी फुलं आणली नाहीत.

तेलुगू सिनेमा मात्र ठोकळ्यासारखा तिथेच उभा राहिलेला नाही. 2021मध्ये ओंगोलच्या पार्श्वभूमीवरचा रवितेजाचा 'क्रॅक' लागला, करोनामुळे निम्म्या खुर्च्या सक्तीने रिकाम्या ठेवूनही तो तडाखेबंद चालला, आणि त्यातला फौजदार जुन्याच वळणाचा. पण त्याच वर्षी विजय कनकमेडलांचा 'नांदी' आला. त्यात खोट्या गुन्ह्यात अडकवलेला कच्चा कैदी नायक आहे आणि त्याला अडकवणारा पोलीस. वर्ष संपता संपता 'पुष्पा' आला. तिथे रक्तचंदनाचा तस्कर नायक आणि एसपी शेखावत पडद्यावर हास्यास्पद होतो. 'अंकुशम'मध्ये गुंडाची फरफट बघून शिट्टी मारणारे आता पन्नाशीच्या पुढे गेले. त्यांची मुलं पोलिसाच्या फजितीला शिट्टी मारतात.

अक्कांचा मुलगा मागच्या दिवाळीत भेटला. माग विकून टाकले, आता पुण्यात असतो. 'अंकुशम'चा विषय काढला तर म्हणाला, "राजशेखर काय बोलायचा रे!" साईकुमारचं त्याला अजून ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसला आणि मग सिनेमातलं तेव्हाचं वाक्य तेलुगूत, त्याच आवाजात, म्हणून दाखवलं. या वेळीही मला अर्थ सांगितला नाही.

तुम्हाला 'अंकुशम' कुठे मिळाला तर आधी तेलुगूतच बघा, 'प्रतिबंध' नंतर. शेजारी भाषा येणारं कोणी असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही.