प्रत्येकाच्या हाती संपूर्ण वही

भिलईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी एखाद्या लहान कारखान्याच्या संगणकात सीएनसी लेथच्या आज्ञावल्या साठत जातात : ‘फ्लँज-अंतिम’, ‘फ्लँज-अंतिम-२’, ‘फ्लँज-नवी-अंतिम’! यांतील चुकीची फाईल यंत्रात गेली, तर महागडा पोलादी ठोकळा भंगारात जातो. माप कोणी, केव्हा व का बदलले, याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे आवृत्ती-नियंत्रण प्रणाली.

पूर्वीच्या बहुतेक प्रणालींत ही नोंदवही एकाच मध्यवर्ती संगणकावर असे. तो बंद पडला की नव्या नोंदी खोळंबत. विकेंद्रित प्रणालीत प्रत्येक सहकाऱ्याजवळ संपूर्ण इतिहासासह वही असते. जणू प्रत्येक शाखेत साऱ्या बँकेची खातेवही. (बँकेच्या लेखापरीक्षकांना ही कल्पना मुळीच रुचणार नाही!)

‘गिट’ या अशा प्रणालीचा जन्म अडचणीतून झाला. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ या खासगी प्रणालीवर चाले. २००५ मध्ये तिच्या विनामूल्य वापराची सवलत काढून घेण्यात आली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल रोजी नवी प्रणाली लिहावयास घेतली आणि ७ एप्रिलपासून गिट स्वतःचीच मूळ संहिता सांभाळू लागली. या चार दिवसांचे कौतुक फार होते. परंतु ती सर्वांच्या उपयोगाची झाली, यात जुलैपासून देखभाल करणारे जुनिओ हमानो यांचा वाटा मोठा आहे.

खातेवहीत मागील पानाची शिल्लक पुढे ओढली जाते, तसेच येथे घडते. प्रत्येक नोंदीची खूण तिचा मजकूर आणि आधीच्या नोंदीची खूण यांवरून गणिताने ठरते. जुनी नोंद गुपचूप बदलल्यास पुढच्या साऱ्या खुणा बदलतात आणि इतरांजवळच्या प्रतींशी त्या जुळत नाहीत.

गिट विनामूल्य आहे. विंडोजसाठी अधिकृत संकेतस्थळावरून संच उतरवून घ्यावा. उबंटूवर एका आदेशात काम होते. प्रथम आपले नाव व ई-मेल नोंदवावे, मग फायलींच्या फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ हा आदेश द्यावा. त्यानंतर प्रत्येक बदल ‘ॲड’ने निवडावा व ‘कमिट’ने कारणासह नोंदवावा. वहीची एक प्रत दुसऱ्या संगणकावर अवश्य ठेवावी. अन्यथा डिस्कबरोबर इतिहासही जाईल. मात्र नेट बँकिंगचा पासवर्ड असलेली फाईल तीत कधीही नोंदवू नये : नंतर पुसली, तरी जुन्या नोंदींत ती तशीच राहते.