भरतीरेषा आणि आपले घर

घर घेणे ही मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाच घडणारी गोष्ट. तो सात-बारा पाहतो, नगरपालिकेची परवानगी पाहतो आणि निश्चिंत होतो. परंतु समुद्राकाठी किंवा खाडीकाठी एवढ्याने भागत नाही. तेथे घर कायदेशीर की बेकायदेशीर, हे पुष्कळदा भरतीच्या पाण्यावरून ठरते.

किनाऱ्यावरील बांधकामांना आवर घालावा, असे पत्र पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. पुढे फेब्रुवारी १९९१ मध्ये केंद्र सरकारने सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना काढली. तिच्या जागी २०११ साली दुसरी व २०१९ साली तिसरी आली.

या नियमांचा सारा डोलारा भरतीरेषेवर उभा आहे. भरतीरेषा म्हणजे रोजच्या भरतीची खूण नव्हे. उधाणाचे पाणी जमिनीवर जिथवर पोचते ती रेषा. समुद्राकाठी तिच्यापासून आत ५०० मीटरपर्यंतची जमीन नियमांखाली येते. खाडीकाठी हा पट्टा २०११ च्या नियमांत १०० मीटर अथवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा होता. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले.

पट्ट्यातील जमिनीचे चार वर्ग आहेत. पहिल्यात कांदळवने, खाजणे यांसारखी नाजूक ठिकाणे. तेथे निवासी इमारत उभारता येत नाही. दुसऱ्यात आधीच वसलेली शहरे. तेथे अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या अथवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूसच इमारत चालते. तिसऱ्यात ग्रामीण भाग. तेथे समुद्राकाठी २०११ प्रमाणे भरतीरेषेपासून २०० मीटर नवे बांधकाम निषिद्ध होते. २०१९ प्रमाणे दाट वस्तीच्या गावांत हे अंतर ५० मीटर झाले. चौथा वर्ग पाण्याचाच.

मग तपासायचे कसे? माझ्या काकांनी निवृत्तीच्या पैशातून खाडीकाठी सदनिका घ्यायचे मनात आणले, तेव्हा भूगोलाचा विद्यार्थी म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी तीन प्रश्न लिहून काढले. पहिला : जमिनीचा सर्व्हे नंबर मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात कोणत्या वर्गात पडतो? जिल्ह्याचा नवा आराखडा मंजूर असेल तरच २०१९ चे नियम लागतात, एरवी २०११ चे. दुसरा : केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेने भरतीरेषा आखून दिलेला, इमारतीची जागा दाखविणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशा आहे काय? तिसरा : राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस आहे काय, आणि तिच्यात कोणत्या अटी घातल्या आहेत? बिल्डरने रंगीत पुस्तिका व बांधकामाचा परवाना तत्परतेने दाखविला. नकाशा मागितला तेव्हा "पुढच्या आठवड्यात" असे उत्तर मिळाले. तो अजून आलेला नाही आणि काकांनीही विसार दिलेला नाही.

ही चिकित्सा अनाठायी वाटेल त्याने केरळमधील मरडूचे उदाहरण आठवावे. कोचीजवळच्या या गावी ग्रामपंचायतीने २००६ साली परवाने दिले आणि पाण्याकाठी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. किनारा प्राधिकरणाची संमती मात्र नव्हती. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले सुरुंगांनी जमीनदोस्त झाली. न्यायालयाने रहिवाशांना प्रत्येकी २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देवविली हे खरे. पण परवाना देणाऱ्याच्या आणि बांधणाऱ्याच्या चुकीपायी घरातून बाहेर पडण्याची पाळी आली ती त्यांच्यावरच.

यावर कोणी म्हणेल की नियमच जाचक आहेत. पण कांदळवने लाटांचा जोर मोडतात, आणि खाजणे उधाणाचे पाणी सामावून घेतात. तेथे भराव घातला तर ते पाणी शेजारच्या वाडीत शिरते. म्हणजे रेषेअलीकडे बांधलेली इमारत केवळ स्वतःलाच नव्हे, तर इतरांच्या घरांनाही धोका निर्माण करते. आपल्यापैकी अनेकांची घरे किनारपट्टीत आहेत. हे तीन प्रश्न विचारायला वकिली शिकावी लागत नाही. फक्त ते पैसे देण्यापूर्वी विचारावे लागतात.