वीज समजून घेताना (भाग ९) : दाब उतरला की मोटर का जळते?

गेल्या भागात क्लॅम्प मीटर कसा लावायचा ते पाहिलं. चिमट्यात एकच तार धरायची. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकत्र धरल्या तर मीटर शून्य दाखवतो. आज त्या मीटरवरचे आकडे घेऊन हिशेब करू. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती मिळते, वॉटमध्ये. गणित एवढंच. पण आकडे कोणत्या उपकरणाचे आहेत हे न पाहता केलेला हिशेब चुकीच्या जागी नेतो, आणि शेतकऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

आधी सरळ उदाहरण. पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेतो. गुणाकार १००० वॉट, भागाकार साधारण ५३ ओहम. आता संध्याकाळी गावात दाब १७० व्होल्टवर उतरला असं धरू. रॉडमधली तार नायक्रोमची असते. तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून ५३ ओहम कायम धरायला हरकत नाही. १७० भागिले ५३ म्हणजे ३.२ अँपिअर, आणि शक्ती ५४५ वॉट. दाब चतुर्थांशाने उतरला, पण शक्ती जवळजवळ निम्मी झाली. कारण दाबाबरोबर प्रवाहही घटला आणि गुणाकाराला दोन्हीकडून फटका बसला. पंधरा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला २६ मिनिटं पुरत होती, तिथे आता ४८ लागतील. युनिट मात्र तेवढंच पडतं, सुमारे ०.४४, जास्त वेळात बादलीतून जी उष्णता निसटते, तिची भर काय ती वेगळी.

दाबाच्या प्रमाणात प्रवाह बदलतो हे गेऑर्ग ओहम यांनी दाखवलं. ते कोलोनच्या शाळेत शिकवत होते. त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्यांनी दोन वेगळ्या धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात, आणि त्यांच्यातून मिळणारा बारीकसा पण स्थिर दाब वापरला. ही युक्ती मला त्यांच्या सूत्राइतकीच मोठी वाटते. पुस्तक १८२७ साली आलं, पण लंडनच्या रॉयल सोसायटीचं पदक मिळायला १८४१ उजाडलं. त्याच वर्षी जूल यांचा निबंध छापून आला : तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा वर्ग लक्षात ठेवा, मोटरजवळ पोचल्यावर लागणार आहे.

रोध सगळीकडे कायम राहत नाही, याचा पुरावा जुन्या पिवळ्या बल्बमध्ये आहे. शंभर वॉटचा बल्ब पेटलेला असताना हिशेबाने ५२९ ओहमचा. तोच होल्डरमधून काढून, थंड करून मल्टिमीटरने मोजला तर चाळीसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसतो. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध कित्येक पट वाढतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी मात्र ती थंड असते आणि प्रवाहाचा लोंढा येतो. बल्ब बहुधा लावतानाच उडतो तो यामुळे.

आता विहिरीवर चला. पंपाच्या मोटरचं वाइंडिंग मल्टिमीटरने मोजलं तर जेमतेम काही ओहम निघतं. त्यावरून प्रवाह काढायला गेलं तर उत्तर भलतंच मोठं येतं. चालू मोटर तेवढा प्रवाह घेत नाही, कारण फिरता फिरता ती स्वतःच आत उलटा दाब तयार करते. रॉडला दाब कमी मिळाला की तो मुकाट्याने कमी तापतो. मोटरला मात्र पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं. दाब उतरला की ती ते काम भागवायला जास्त प्रवाह ओढते. ८ अँपिअरचे १० झाले, तर वाढ पंचवीस टक्क्यांची दिसते. पण वाइंडिंगमधली उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे छप्पन्न टक्क्यांनी. तारेवरचं इन्सुलेशन तिथे हार खातं.

डीपीपासून विहीर दूर असेल तर यात केबलची भर पडते. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किलोमीटरला साधारण ७.४ ओहम रोध करते. विहीर २०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे ३ ओहम. सिंगल फेज मोटरने ८ अँपिअर घेतले की २४ व्होल्ट वाटेतच जातात आणि १९२ वॉट नुसती केबल तापवण्यात खर्च होतात. प्रवाह १० झाला की ३० व्होल्ट आणि ३०० वॉट. मोटरपाशी दाब आणखी उतरतो, ती आणखी प्रवाह ओढते. जाड केबलचा खर्च टाळताना हा हिशेब कुणी समोर ठेवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नेमका याच वाढलेल्या अँपिअरवर पडतो. तो वारंवार पडतो म्हणून बांधून ठेवू नका. मोटरच्या पाटीवर लिहिलेले अँपिअर आणि मोटर चालू असताना क्लॅम्प मीटरवर दिसणारे अँपिअर, शेजारी शेजारी लिहून काढा. त्याच वेळी स्टार्टरपाशी किती व्होल्ट मिळतात तेही लिहा. हे मोजमाप गावच्या वायरमनकडून करून घ्या. मोटरच्या व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार ती प्रत्यक्ष घेत असलेल्या वॉटपेक्षा जास्त निघतो. तो पॉवर फॅक्टरचा विषय आहे, पुढच्या आठवड्यात घेऊ.