अंबाडीचा वाख आणि झीज

मोटेचा नाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना झीज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कवी मंडळींना हा शब्द चंदनामुळे ठाऊक. प्रयोगशाळेत मात्र तो मिलिग्रॅममध्ये मोजतात: फिरत्या पोलादी चकतीवर पदार्थाचा तुकडा दाबून धरायचा आणि आधीचं व नंतरचं वजन ताडून पाहायचं.

आमच्या भागात अंबाडी पाण्यात कुजवून, सोलून तिचा वाख काढत. असा वाख इपॉक्सी किंवा पॉलिएस्टरच्या राळेत बसवला की हलका, मजबूत संमिश्र पदार्थ तयार होतो. पण या दोघांचं सहजासहजी जमत नाही. वाख पाणी ओढतो, राळेला पाण्याचं वावडं. त्यात वाखाच्या अंगावर मेणाचा थर असतो, म्हणून राळ वरवरच चिकटते. घर्षण सुरू झालं की धागा उपटून निघतो, मागे खड्डा राहतो, आणि सुटलेले कण वाळूसारखे घासत राहतात.

यावरचा उपाय जुनाच आहे. जॉन मर्सर या इंग्रजाने १८५० साली सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचं पेटंट घेतलं. ‘मर्सराइज्ड’ कापड म्हणतात ते त्याच्याच नावावरून. वाखही सोड्याच्या पाण्यात भिजवला की मेण आणि चिकट द्रव्यं निघून जातात, पृष्ठभाग खरखरीत होतो, राळेला पकड मिळते आणि झीज कमी होते. बऱ्याच प्रयोगांत सोड्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतात. जास्त झालं तर धागाच कमजोर पडतो. धागे आडवे की उभे बसवले, यानेही झिजेत फरक पडतो.

हे सगळं कशाला? वडनेर भोलजी महामार्गावरचं गाव. ट्रकचे ब्रेक लायनर बदलणारी पोरं ड्रममधली भुकटी तोंडाने फुंकून उडवतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. लायनरमध्ये वर्षानुवर्षं ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं, आणि त्याची धूळ फुफ्फुसाचा कर्करोग आणते. त्याच्या जागी चालतील अशा धाग्यांत संशोधकांनी घायपात, अंबाडीही तपासली आहे.

अडचण उष्णतेची आहे. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे वाख करपू लागतो आणि घाटात ब्रेक त्याहून तापतो. म्हणून ब्रेकमध्ये तो एकटा पुरत नाही, इतर धाग्यांच्या आणि खनिजांच्या जोडीनेच घालावा लागतो. तोवर पोरांनी भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.