नगरसेवक भाऊ, सभेत काय ठरलं?

भंडारा जिल्ह्यातली मोहाडी, लाखनी आणि लाखांदूर ही तालुक्याची गावं दशकभरापूर्वी ग्रामपंचायतीची होती. तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचं राज्य सरकारने ठरवलं आणि तिन्ही गावं कागदोपत्री शहरं झाली. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले. ग्रामसेवकाच्या खुर्चीच्या जागी मुख्याधिकाऱ्यांची केबिन आली, निधीच्या नव्या वाटा उघडल्या. या सगळ्यात एक गोष्ट हातची गेली आणि तिच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्या टाळल्या तर सरपंचाचं पद धोक्यात येतं. आता ग्रामसभा कशा होतात ते आपल्याला ठाऊक आहे. कोरम नाही म्हणून तहकूब, मग सह्यांचं रजिस्टर घरोघरी. तरीही पाराखाली बसलेला एखादा म्हातारा उठून "नळाचे पैसे कुठं गेले गा?" असं विचारू शकतो आणि सरपंचाला तोंड चुकवता येत नाही. गाव शहर झालं की हा हक्कच विरघळतो. शहरांसाठी क्षेत्रसभेची कल्पना २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात आली खरी, पण कागदावरून उठून ती चौकात कधी आली नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्याही तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपुरत्या. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या ९१,८४५ होती, तुमसरची त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे जिल्ह्यातलं एकही शहर त्या अटीच्या जवळपास फिरकत नाही.

तेव्हा आपल्याकडे नगरसेवकाने लोकांना काही सांगायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर सोडलेलं आहे. सांगतात तर भरपूर. प्रभागाचा व्हॉट्सअ‍ॅप गट सकाळी सहाला सुप्रभातने उघडतो. मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, आरोग्य शिबिराचा फलक, नाली सफाईचे चार फोटो, त्यात तीन फोटोंत नाली कमी आणि भाऊ जास्त. नळ उशिरा येणार असेल तर तेही कळतं, आणि ते उपयोगाचं असतं, नाकारायचं कारण नाही. पण सभेत कोणता ठराव झाला, कर वाढणार का, बाजाराची जागा कुठं हलणार, हे मात्र त्या गटात क्वचितच येतं.

यात भर पडली ती प्रशासक राजवटीची. भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोली या चार नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०१६ मध्ये झाल्या होत्या. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत तेव्हा नव्याने आली होती. भंडाऱ्यात सुनील मेंढे त्याच पद्धतीने नगराध्यक्ष झाले आणि २०१९ मध्ये तिथून लोकसभेत गेले. तेव्हा निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने २०२२ पासून जवळपास चार वर्षं निवडणूकच झाली नाही. न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. मधल्या काळात सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. विषय मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमल करणाराही त्याच्याच हाताखालचा. विरोधी बाकावरून खाकरणारंसुद्धा कुणी नव्हतं. चार वर्षं कुणी काही विचारलं नाही की न विचारण्याची सवय लागते, लोकांनाही आणि कार्यालयालाही.

म्हणून आधी सभेचा कागद वाचायला शिकावं लागेल. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हायला हवी आणि तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी सदस्यांना मिळायला हवी. विशेष सभेला तीन दिवस पुरतात. त्या नोटिशीसोबत येते विषयपत्रिका. हा कागद म्हणजे पुढच्या दोन महिन्यांत तुमच्या दारात काय होणार याची पूर्वसूचना असते, फक्त ती अशा भाषेत लिहिलेली असते की वाचणाऱ्याला झोप यावी.

पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. कंटाळवाणा वाटतो, पण गेल्या सभेत कोण काय बोललं, विरोध नोंदवला गेला की "सर्वानुमते मंजूर" असं लिहून मोकळे झाले, हे इथे पक्कं होतं. एकदा कायम झालं की मग "मी विरोध केला होता" असं चौकात सांगून उपयोग नाही. पुढचे विषय कामांच्या दरांना मंजुरी, ठेकेदाराला मुदतवाढ, जागा भाड्याने देणं असे असतात. "कार्योत्तर मंजुरी" हे शब्द दिसले की थांबून वाचा. काम होऊन गेलंय, पैसे देऊन झालेत किंवा द्यायचेत, आता सभेने फक्त मान डोलवायची, असा त्याचा अर्थ. पूर आला, मोटर जळाली, रात्रीतून पाणीपुरवठा सुरू करायचा होता, अशा वेळी कार्योत्तर मंजुरी रास्तच असते. रंगरंगोटीला ती का लागावी, हे विचारायला हवं. आणि सगळ्यात शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. माझं मत विचाराल तर विषयपत्रिकेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. तिच्यापुढे काहीच छापलेलं नसतं.

सभा लोकांना खुली असते. कारण नोंदवून एखादी चर्चा बंद दाराआड घेता येते, पण नियम खुलेपणाचा आहे. प्रेक्षक म्हणून बसता येतं, बोलता येत नाही. ते काम नगरसेवकाचं. सभेला जायला जमलं नाही तर ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागता येते: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये आणि तीस दिवसांची मुदत. खरं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार ही माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची आहे, कुणी मागायची वाट पाहायची नाही.

आता त्या एका शब्दाकडे येऊ, जो नगरसेवक सर्वांत जास्त वापरतात.

"भाऊ, आमच्या गल्लीचा रोड केव्हा होते?"

"मंजूर आहे ना काकाजी!"

काकाजी समाधानाने घरी जातात. वर्ष उलटतं, रोड तसाच. भाऊ खोटं बोलले का? नाही. सभेने ठराव केला, तेव्हा रस्ता "मंजूर" झाला. अभियंत्याने अंदाजपत्रक केलं आणि त्याला तांत्रिक मान्यता मिळाली, तेव्हाही मंजूरच. प्रशासकीय मान्यता मिळाली, पुन्हा मंजूर. मग निविदा निघते, कधी एकच ठेकेदार येतो, कधी कुणीच येत नाही आणि फेरनिविदा होते. दर सभेपुढे जातो. सरतेशेवटी कार्यादेश निघतो, तेव्हा ठेकेदार गिट्टी टाकतो. या प्रत्येक पायरीवर भूमिपूजनाचा नारळ फोडता येतो, आणि फोडलाही जातो. म्हणून विचारायचा प्रश्न "मंजूर आहे का" हा नव्हे. "कार्यादेश कोणत्या तारखेचा आहे आणि काम संपवायची मुदत किती" हा विचारा. तारीख सांगता आली तर रस्ता होईल. नाही तर नारळाचं खोबरं खाऊन घरी जा.

दुसरा प्रश्न पैसा कुठला. नगरोत्थान, दलित वस्ती, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती, वित्त आयोग, अशी प्रत्येक पैशाची वेगळी वाट आणि वेगळी अट असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात आपल्यासारख्या लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. त्यातून चौकात कमान उभी करता येत नाही. अनुदान हवं असेल तर मालमत्ता कराचे किमान दर ठरवून जाहीर करा, अशीही अट होती. म्हणजे "आमचा कर काहून वाढला?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर नगरपरिषदेच्या इमारतीबाहेर, दिल्लीत आहे. हे समजावून सांगायला नगरसेवकाला पंधरा मिनिटं लागतील. पण कर हा विषय काढणं म्हणजे मत गमावणं, अशी समजूत असल्याने सगळे गप्प बसतात आणि मग बिल हातात पडल्यावर एकदम ओरड होते.

नगरपरिषदेत प्रभाग दोन सदस्यांचा असतो. एका प्रभागाला दोन नगरसेवक, म्हणजे दुप्पट सेवा मिळायला हवी. होतं असं की नालीचं श्रेय दोघांचं आणि तुंबलेल्या नालीचा दोष समोरच्याचा. नगरपंचायतीत सतरा प्रभाग आणि प्रभागाला एकच सदस्य, तिथे निदान बोट कुणाकडे दाखवायचं हे ठरलेलं असतं.

नगरसेवकांच्या हाती एक गोष्ट मात्र पूर्ण असते: लोक गोळा करणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी नंदी सजवून चौकात येतात, कुणी शंकर, कुणी शेतकरी, कुणाच्या डोक्याला भला मोठा फेटा आणि त्याखालून ओघळणारा घाम. नंदी फुटभराचा असतो किंवा पोराच्या उंचीचाही. परीक्षक ओळीने फिरतात, आई मागून नंदीची झूल सरळ करते, बक्षिसाला स्टीलचे डबे आणि दप्तरं. खर्च बहुतेक वेळा नगरसेवकच करतात. संक्रांतीला हळदीकुंकू, मंडईच्या दिवसांत दंडारीला वर्गणी, गणपती आणि शारदा मंडळांना मंडप. याला नावं ठेवणारे शहाणे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. प्रभागातली तीन-चारशे माणसं एका जागी, आनंदात, नगरसेवकासमोर बसलेली असा प्रसंग वर्षातून दुसरा कुठला? माइक हाती असतोच. बक्षीस वाटायच्या आधी दहा मिनिटं गेल्या सभेतले चार ठराव वाचून दाखवले तर ग्रामसभेच्या जागी जे रिकामं राहिलंय, ते थोडं तरी भरेल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. स्वागतपर भाषणांतली दोन कमी करावी लागतात, तेवढं अवघड आहे म्हणा.

काय वाचून दाखवावं? उदाहरणच द्यायचं तर पूररेषा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेने भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत शिरून लोकांना गच्चीवर बसवलं. नदीकाठी दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन रेषांच्या मधे अटी. प्लॉट विकणारा दलाल यातलं अक्षरही सांगत नाही. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाल्यावर हरकती मागवतात, तेव्हा कोणता सर्व्हे नंबर कोणत्या रेषेत आहे हे लोकांना सांगणं हे नगरसेवकाचं काम. नंतर बांधकाम परवानगी नाकारली गेली की हेच लोक त्याच्याच दारात येतात.

तसंच बाजाराचं. भंडाऱ्याच्या बडा बाजारात हातगाडी लावणारा असो की तुमसरच्या रस्त्यावरचा भाजीवाला, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला आधार दिलाय. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, त्याशिवाय उठवायचं नाही. पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच निवडलेले हवेत. अतिक्रमण पथकाची गाडी आल्यावर हा कायदा आठवून फायदा नसतो.

नगरपरिषद स्वतःचे उपविधीही करू शकते, म्हणजे कचरा, बाजार, जनावरं याबद्दलचे शहरापुरते नियम. मंजुरीआधी त्यांचा मसुदा हरकतींसाठी जाहीर करावा लागतो. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात येते आणि कार्यालयाच्या फलकावर लागते. हरकत एकही आली नाही की मसुदा जसाच्या तसा पुढे सरकतो. ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण त्यासाठी कुणालातरी त्यांच्याकडे जावं लागतं.

आणि येत्या काळात जिच्यासाठी कान उघडे ठेवायला हवेत ती चतुर्वार्षिक कर आकारणी. दर चार वर्षांनी घरांची नव्याने मोजणी होते आणि करयोग्य मूल्य ठरतं. वरचा मजला वाढवला, समोर टिनाचा दुकानगाळा काढला, भाडेकरू ठेवला, की आकडा बदलतो. मोजणी करणारा कर्मचारी दुपारी येतो, घरात बहुतेक वेळा कुणी जबाबदार माणूस नसतं आणि चुकीचं क्षेत्रफळ तसंच यादीत चढतं. यादी जाहीर होते, हरकतीची मुदत दिली जाते, लेखी हरकत घेतली तर सुनावणीला बोलावतात. नगरसेवकाने त्या महिन्यात प्रभागात दोन संध्याकाळी टेबल टाकून बसावं, लोकांनी जुनं बिल आणि घराचं माप घेऊन यावं, चूक असेल तर तिथेच अर्ज लिहावा. मुदतीत हरकत आली नाही तर यादी कायम होते आणि त्या आकड्यावर पुढची चार वर्षं बिल येत राहतं.