कोर्टात न जाणारा वकील

वकील म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि कोर्टाची पायरी येते. पण कधीच कोर्टात उभे न राहणारे वकीलही असतात. सहली काढणाऱ्या मोठ्या कंपन्या असे वकील पगारावर ठेवतात.

त्यांचे काम कागदावरचे. विमान कंपनी, हॉटेल, बसमालक यांच्याशी होणारे करार तपासायचे. पुरात रस्ता बंद पडला तर खोल्यांचे भाडे कोणी सोसायचे, गिऱ्हाइकाने सहल रद्द केली तर किती रक्कम कापायची, हे आधीच लिहून ठेवायचे. बुकिंगच्या फॉर्ममागचा बारीक मजकूर त्यांच्याच हातून जातो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, विमाने थांबली, तेव्हा या मजकुराची किंमत कळली. लोकांचे पैसे अडकले. अखेर १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमान तिकिटांच्या परताव्याचा निकाल दिला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही अवाजवी दंड लावणाऱ्या कराराला अनुचित ठरवतो. त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. मालकाला हे वेळीच बजावणे, हीच पगारी वकिलाची कसोटी.

एलएल.बी. करणाऱ्या मुलामुलींनी एक ध्यानात ठेवावे. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते.

आणि आई-वडिलांनी? सहलीचे पैसे भरण्याआधी शिकलेल्या लेकीकडून फॉर्मची मागची बाजू वाचून घ्यावी!